ओढ कुठे बसतेय? ट्रेनरसाठी स्ट्रेचिंगचं कामापुरतं ज्ञान

क्लायंट गुडघे सरळ ठेवून पुढे वाकतो आणि बोटं नडगीच्या मध्यावरच थांबतात. बहुतेक ट्रेनर तिथेच निकाल देऊन मोकळे होतात: हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) आखडलेत, रोज ताणायचे. हा निकाल फार घाईचा आहे. त्याच एका वाकण्यात मांडीमागचे स्नायू आड येऊ शकतात, पोटरी येऊ शकते, न वाकणारी कंबर येऊ शकते, कंबरेतून पायात उतरणारी सायटिक नस येऊ शकते, किंवा नुसती कंबर धरेल ही धास्ती. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आणि एकाचा उपाय दुसऱ्याला कधीकधी चक्क त्रासदायक.

म्हणून स्ट्रेच निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ओढ कुठे बसतेय? तोंडी उत्तरावर थांबू नका, बोट ठेवून दाखवायला सांगा. "मागे" म्हणजे बैठकीच्या हाडाशी, मांडीच्या मध्यभागी की गुडघ्याच्या खळग्यात, हे बोटच सांगतं.

मांडीच्या मध्यभागी पसरट, बोथट ओढ असेल तर तो स्नायू. तो ताणायला हरकत नाही. गुडघ्यामागे किंवा पोटरीत तारेसारखी बारीक, जळजळती ओढ असेल, सोबत मुंग्या किंवा झिणझिण्या असतील, तर नसेचा संशय धरायचा. सांध्याच्या समोरच्या बाजूला चिमटा बसत असेल (खोल स्क्वॉटमध्ये जांघेत, किंवा गुडघा पुढे नेताना घोट्यासमोर), तर तिथे ताणण्यासारखं काही नाही. सांधा आपल्या हद्दीपर्यंत आलाय. ओढ कुठेच नाही, तरी पाय पुढे जात नाही, असंही होतं. तिथे बहुधा ताकद कमी पडते, नाहीतर भीती आड येते.

नस की स्नायू

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती न केल्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. क्लायंटला उताणं झोपवा. एक पाय सरळ ठेवून हळूहळू उचला. मांडीमागे ओढ सुरू झाली की थांबा आणि पाय किंचित खाली आणा, म्हणजे ओढ जेमतेम विझेल. आता पाय तिथेच धरून क्लायंटला फक्त मान उचलून हनुवटी छातीकडे न्यायला सांगा. हॅमस्ट्रिंगचा मानेशी काही संबंध नाही. तरीही मान उचलताच पायातली ओढ परत आली आणि मान टेकताच गेली, तर ताण मज्जातंतूंच्या मार्गावर आहे. चवडा नडगीकडे ओढूनही हेच बघता येतं, पण त्या हालचालीने पोटरीही ताणली जाते, त्यामुळे पोटरीत ओढ आली म्हणून नसेवर शिक्का मारू नका. मांडीमागची जाणीव बदलते का, ते बघा.

नसेला तीस-तीस सेकंद ताणून धरणं आवडत नाही. अशा क्लायंटला हॅमस्ट्रिंगचे लांब होल्ड दिले की दुसऱ्या दिवशी पाय जास्तच ठणकतो आणि तो म्हणतो, "मला स्ट्रेचिंग सोसत नाही." त्याऐवजी नस नुसती सरकवायची. खुर्चीत ताठ बसवा. गुडघा सरळ करताना मान मागे, गुडघा वाकवताना मान पुढे, म्हणजे एका टोकाला ताण वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला सुटतो. सावकाश 10 ते 15 वेळा, लक्षणं न जागवता. पायात बधिरपणा असेल, चवडा उचलायची ताकद कमी झाली असेल किंवा दुखणं कंबरेपासून पावलापर्यंत उतरत असेल, तर काम थांबवून डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं किंवा जांघांमध्ये बधिर वाटतंय म्हणाला, तर त्याच दिवशी, ताबडतोब.

मोजायचं कसं

बसून पुढे हात नेण्याची चाचणी वेल्स आणि डिलन यांनी 1952 साली मांडली आणि अजून ती सगळीकडे चालते. सोपी आहे, पण तिच्यात हातांची लांबी, पायांची लांबी, पाठीची गोलाई सगळं मिसळतं. लांब हातांचा माणूस आखडलेल्या हॅमस्ट्रिंगनेही पास होतो. क्लायंटच्या नोंदवहीत तीन चाचण्या ठेवल्या तरी पुरे.

पहिली, सरळ पाय उचलण्याची. फोनमधलं कोन मोजणारं अ‍ॅप नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली ठेवा. दुसरा पाय जमिनीला टेकलेला. उचललेला गुडघा वाकायला लागला, किंवा दुसरी मांडी जमिनीवरून उठली, की तोच शेवट. साधारण 80 अंशांच्या आसपास पाय जात असेल तर हॅमस्ट्रिंग ताणण्यात वेळ घालवायची गरज नाही. पुढे वाकताना बोटं पोचत नसतील तर कारण दुसरीकडे शोधा. मग हाच पाय क्लायंटला स्वतःच्या ताकदीने उचलायला सांगा. तुम्ही उचलल्यावर 85 आणि त्याने उचलल्यावर 60, असा फरक आला तर त्याला आणखी ताणून काय मिळणार? जागा आहे, ती वापरायची ताकद नाही.

दुसरी, भिंतीशी गुडघा. अनवाणी, पाऊल भिंतीकडे सरळ, टाच जमिनीवर चिकटलेली. गुडघा भिंतीला टेकेल इतपतच पाऊल मागे न्यायचं आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं. एक सेंटिमीटर म्हणजे घोट्यात साधारण 3.6 अंश. दोन्ही पायांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लिहून ठेवा आणि जुनी मुरगळ झाली होती का, ते विचारा. इथे गुडघा वाकलेला असतो, म्हणून ही चाचणी पोटरीच्या आतल्या, सोलियस स्नायूबद्दल सांगते. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघा ओलांडून जातो. तो तपासायचा तर गुडघा सरळ ठेवावा लागतो. चाचणीत टाच उचलली जाणं आणि पावलाची कमान आत कोसळणं, या दोन चोऱ्या हमखास होतात. कमान कोसळली की आकडा फुगतो.

तिसरी, टेबलाच्या कडेवर बसवून मागे झोपवायचं, एक गुडघा छातीशी धरायला लावायचा, दुसरा पाय लोंबता. लोंबती मांडी टेबलाच्या पातळीच्या वर राहिली तर खुब्याचा वाकवणारा स्नायू आखडलाय. मांडी खाली जाते पण गुडघा सरळ व्हायला बघतो, तर मांडीच्या समोरचा, खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडणारा रेक्टस फेमोरिस. मांडी बाहेरच्या बाजूला पळते, तर खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा टीएफएल (टेन्सर फॅसिया लॅटा) स्नायू. कंबर टेबलाला टेकलेली आहे ना, हे हात घालून बघा. ती उचललेली असेल तर चाचणीला अर्थ नाही.

मोजमाप नेहमी वॉर्म-अपच्या आधी, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी, तीनदा घेऊन मधला आकडा लिहायचा. हाताने मोजताना दोन-तीन अंशांची चूक सहज होते, त्यामुळे तेवढ्या वाढीवर क्लायंटला शाबासकी देऊ नका.

किती वेळ, किती जोर

स्ट्रेचिंगने स्नायू रबरासारखा लांब होतो, ही समजूत सोडायला हवी. मॅग्नुसन आणि सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवलं की तीन आठवडे ताणल्यावर पाय जास्त वर गेला, पण तेवढ्याच कोनाला स्नायूचा विरोध पूर्वीइतकाच होता. बदललं होतं ते सहन करणं. मज्जासंस्थेला त्या कोनाची भीती वाटेनाशी झाली होती. महिनोन्‌महिने केलेल्या कामाने ऊतींमध्येही बदल होतात, पण सुरुवातीचे आठवडे हे जवळजवळ सगळे सवयीचे असतात. ट्रेनरच्या दृष्टीने यातून एक थेट गोष्ट निघते: दुखवलंत तर सवय उलटी लागते. दात-ओठ खाऊन धरलेला स्ट्रेच शरीराला हेच शिकवतो की हा कोन धोक्याचा आहे.

जोर दहापैकी पाच-सहा. ओळखायची खूण म्हणजे श्वास सावकाश सोडता येतोय, जबडा आवळलेला नाही, खांदे कानांकडे चढलेले नाहीत. पंधराएक सेकंदांनी ओढ थोडी सैलावली पाहिजे. ती वाढत चालली असेल तर बोटभर मागे या.

वेळेबद्दल बॅंडी आणि आयरियन यांचं 1994 सालचं काम अजून उपयोगी आहे. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, रोज एकदाच हॅमस्ट्रिंग ताणला: कुणाला 15 सेकंद, कुणाला 30, कुणाला 60. पंधरापेक्षा तीस सेकंद चांगले ठरले आणि साठने तीसच्या वर काही दिलं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची शिफारसही त्याच वाटेची आहे: 10 ते 30 सेकंद धरायचं, प्रत्येक स्ट्रेचची बेरीज 60 सेकंद, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस. वयस्कांना 30 ते 60 सेकंद.

हिशोब असा सोपा ठेवा: एका स्नायूला आठवड्याला पाच मिनिटं. 30 सेकंद दोनदा, पाच दिवस. आठवड्यातून एकदाच जिममध्ये दहा मिनिटं ताणून घेणाऱ्याला मोठा फरक पडत नाही आणि मग तो स्ट्रेचिंगलाच नावं ठेवतो. अर्थात एका वेळी आठ स्नायू देऊ नका. दोन द्या. आठ दिलेत तर क्लायंट तिसऱ्या दिवशी एकही करत नाही.

आकसून सोडण्याची पद्धत, हाताने

ताणाआधी स्नायू आकसून सोडण्याच्या या पद्धतीला पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) म्हणतात. तिची मुळं 1940 च्या दशकात हर्मन कॅबट यांनी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी केलेल्या कामात आहेत. जिममध्ये तिचा एक छोटा तुकडाच वापरतात, आणि तोही बहुतेकदा धसमुसळेपणाने. हॅमस्ट्रिंगवर तो नीट करायचा असा.

आधी हात लावायची परवानगी घ्या आणि "थांबा" म्हटलं की त्याच क्षणी थांबणार, हे सांगून ठेवा. क्लायंट मॅटवर उताणा. तुम्ही एका गुडघ्यावर, त्याच्या बाजूला. त्याची टाच तुमच्या खांद्यावर, तुमचा एक हात मांडीवर गुडघ्याच्या वर. वाटीवर हात टेकवायचा नाही. वाटीवर दाब देऊन गुडघा सरळ ठेवणं ही जिममधली सर्रास चूक आहे. गुडघा अगदी कुलूप लावल्यासारखा नको, सरळ पण सैल.

तुम्ही पुढे सरकून पाय पाच-सहाच्या ओढीपर्यंत न्या आणि दहा सेकंद थांबा. मग सांगा, "टाच माझ्या खांद्यात हळूहळू दाबा, पाव ताकदीने." पाव हा शब्द महत्त्वाचा. शिफारस कमाल ताकदीच्या 20 ते 75 टक्क्यांची आहे आणि खालच्या टोकाला काम तेवढंच होतं. पूर्ण जोर लावला की मांडीत गोळा येतो, कंबर उचलली जाते, श्वास अडकतो. जोर एकदम नाही, दोन सेकंदांत चढवत न्यायचा. पाच सेकंद. या वेळात पाय हलता कामा नये. तो हलला तर तुमची बैठक कच्ची आहे.

"सोडा, श्वास सोडा." एक श्वास जाऊ द्या. आता क्लायंटनेच पाय स्वतःच्या ताकदीने छातीकडे ओढायचा, तीन सेकंद. त्याने जेवढी जागा केली तेवढीच तुम्ही भरायची. ढकलायचं नाही. वीस सेकंद धरा. हे सगळं तीन वेळा केलं की एका पायाला जेमतेम दोन मिनिटं लागतात.

कोर्सेसमध्ये याचं कारण गोल्गी टेंडन ऑर्गन (कंडरेतला ताण ओळखणारा संवेदक; कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर) स्नायूला "बंद" करतं असं शिकवतात. ते स्पष्टीकरण तोकडं आहे. आकुंचनानंतरची ती शिथिलता काही सेकंदांतच ओसरते, फायदा मात्र त्याहून जास्त टिकतो. सहनशीलतेचा भाग इथेही मोठा आहे. क्लायंटला हे सांगायची गरज नाही, पण स्वतः चुकीच्या चित्रावर विसंबून जोर वाढवत नेऊ नका.

खुब्याचा स्ट्रेच बिघडतो तिथे

एक गुडघा जमिनीवर टेकवून पुढे झुकण्याचा स्ट्रेच सगळे करतात, आणि दहातले नऊ जण तो कंबरेतून करतात. पुढे जितकं खोल जावं तितकी कंबर मागे वळते, पोट पुढे येतं आणि ओढ वाटते तो खरं तर मणक्यांच्या मागच्या सांध्यांवरचा दाब असतो. विचारा, कुठे लागतंय? "कंबरेत" असं उत्तर आलं तर स्ट्रेच चुकलाय.

दुरुस्ती अशी. टेकलेल्या गुडघ्याखाली घडी घातलेला टॉवेल. धड ताठ. आधी जागेवरच माकडहाड खाली ओढल्यासारखं आत घ्यायचं आणि मागच्या पायाकडचा नितंब घट्ट आवळायचा. बरगड्या खाली. आखडलेल्या माणसाला इथेच, पुढे न सरकताच, जांघेत ओढ लागते आणि तो चकित होतो. मग हे आवळणं न सोडता तीन-चार सेंटिमीटर पुढे. बस. त्याच बाजूचा हात वर नेऊन जरा विरुद्ध बाजूला झुकलं तर ओढ वाढते. मागचं पाऊल बाकावर ठेवलं की रेक्टस फेमोरिसही येतो, पण ती पायरी गुडघा दुखत नसेल तरच.

व्यायामाच्या आधी की नंतर

एकाच स्नायूगटाला 60 सेकंदांपेक्षा जास्त स्थिर ताण दिला तर लगेच नंतरची ताकद आणि उडी सरासरी चार-पाच टक्क्यांनी घटते. 60 सेकंदांच्या आत ही घट एखाद्या टक्क्याची असते आणि पुढे हालता वॉर्म-अप केला तर तीही फारशी उरत नाही. म्हणजे "व्यायामाआधी स्ट्रेचिंग वाईट" हा नियमही तितकाच अर्धवट आहे. जास्तीत जास्त वजन उचलायचं असेल, धावण्याची शर्यत असेल, त्या दिवशी लांब होल्ड टाळा. एरवी क्रम असा: अंग गरम होईपर्यंत पाच मिनिटं, मग खरंच आखडलेल्या एक-दोन जागी 20-30 सेकंद, मग पाय झुलवणं, लंज, स्क्वॉट असं 8 ते 12 वेळा, आणि शेवटी त्या दिवशीचाच व्यायाम हलक्या वजनाने.

नंतर ताणलं की दुसऱ्या दिवशी अंग दुखत नाही, असं क्लायंटला सांगू नका. हर्बर्ट आणि गॅब्रिएल यांनी 2002 साली उपलब्ध चाचण्या एकत्र केल्या तेव्हा दुखण्यातला फरक 100 मिलिमीटरच्या मोजपट्टीवर 2 मिलिमीटरहून कमी निघाला. शेवटचं स्ट्रेचिंग लवचिकतेसाठी ठेवा. अंग तेव्हा गरम असतं, एवढं कारण पुरे.

ज्याला स्ट्रेचिंगचा मनस्वी कंटाळा आहे, त्याला पूर्ण पल्ल्याचं वजनकाम द्या. पूर्ण पल्ल्यात केलेला ताकदीचा व्यायाम लवचिकता जवळपास स्ट्रेचिंगइतकीच वाढवतो. हलक्या वजनाने रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, खुब्यातून पुढे झुकत वजन खाली नेणं), खाली जाताना चार सेकंद, तळाला एक सेकंद थांबून, 8 वेळा. पायरीच्या कडेवर टाच पूर्ण खाली सोडून पोटरी उचलणं. अर्ध्यावर थांबणाऱ्या रेप्समध्ये हा फायदा नाही.

कुणाला ताणायचं नाही

सगळ्यात फसवा क्लायंट म्हणजे मुळातच अति लवचिक असलेला. त्याला सतत आखडल्यासारखं वाटतं आणि स्ट्रेचिंग फार आवडतं. बेटनची तपासणी करा, नऊ गुणांची: करंगळी मागे 90 अंश वळते का, अंगठा मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा 10 अंशांहून जास्त उलटा जातो का, हे प्रत्येकी दोन्ही बाजूंना एकेक गुण, गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकले तर नववा. तरुण प्रौढात पाच किंवा जास्त आले तर स्ट्रेच काढून टाका. त्या पल्ल्याच्या टोकाला सावकाश ताकदीचं काम द्या. आखडल्याची भावना बहुधा त्यानेच कमी होते.

बैठकीच्या हाडावर, नेमक्या एका जागी दुखत असेल आणि बराच वेळ बसल्यावर वाढत असेल, तर हॅमस्ट्रिंगची कंडरा दुखावलेली असू शकते. खोल पुढे वाकलं की ती हाडावर दाबली जाते. ताणून बरं वाटेल म्हणून माणूस रोज ताणतो आणि दुखणं महिनोन्‌महिने लांबतं. स्ट्रेच बंद, आणि फिजिओथेरपिस्टकडे.

हाडं ठिसूळ असणाऱ्यांना पाठ गोल करून पुढे वाकवू नका, मणका दबू शकतो. खांदा निखळून गेलेल्याला दाराच्या चौकटीत हात टेकवून छाती ताणायला लावू नका; हात बाजूला आणि मागे वळलेला, हीच निखळण्याची स्थिती. कृत्रिम खुबा बसवलेल्याच्या मर्यादा सर्जनकडून लेखी घ्या. गरोदर क्लायंटला आहे तो पल्ला सांभाळायला लावा, नवीन कमवायला नको. सुजलेला, गरम सांधा किंवा नुकताच फाटलेला स्नायू असेल तर ताणायचा प्रश्नच नाही.

चार-सहा आठवडे झाले आणि आकडा हलला नाही, तर जोर वाढवायच्या आधी दोन गोष्टी बघा. आठवड्याची पाच मिनिटं खरंच भरली का, हे पहिलं. बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं. भरली असतील, तर बोट ठेवून दाखवायला परत सांगा, कारण सुरुवातीला मांडीत असलेली ओढ आता गुडघ्यामागे गेलेली असू शकते. नोंद एका ओळीत मावते: उजवा 66, डावा 74, स्वतःच्या ताकदीने 58 आणि 70, ओढ उजव्या मांडीमागे मध्यभागी, मान उचलल्यावर बदल नाही, 30 सेकंद दोनदा, या आठवड्यात चार दिवस झाले.